पानातलं आणि राधाचं

१२ जानेवारी, सोमवार

आणि वर म्हणायचं, स्वतःच्या शब्दांत लिहा! चौथीतल्या पोरीकडं स्वतःचे शब्द असून असून असणार किती? पान वाचायला दिलं कुणी, तर बाईंनीच. पानावर सोन्याची माहिती. पोरीनं ते वाचलं, त्यातलं लिहिलं, तर त्याच्याखाली लाल रेघा. नसतं लिहिलं तर म्हणाल्या असत्या, वाचलंच नाही. म्हणजे काहीही केलं तरी चुकली पोरगीच. शाळेशी माझं भांडण जुनंच आहे. आता ते राधाच्या वाट्याला आलं.

मला गुरुजी सांगायचे, पुस्तकात आहे तसं उतरवा, एक शब्द इकडचा तिकडं नको. 'माझा आवडता प्राणी' मध्ये मी आमच्या म्हशीचं लिहिलं, ती दूध काढताना लाथ मारते आणि आई तिला शिव्या देते असं. तर हातावर छडी. "गाय लिहायची, गाय! पुस्तकात गाय आहे ना?" सातवीत शाळा सोडली तेव्हा हात मोकळे झाल्यासारखं वाटलं. आणि आता माझ्याच बहिणीला उलटं सांगतात, पुस्तकातलं नको. अरे, एकदा काय ते ठरवा की.

सोमवारी इथं दिल्लीत करोल बाग बंद असते म्हणून बसून लिहितोय. भट्टी गार आहे. सोनारांकडचा तुटका-फुटका माल, कचरा, झाडलोट हे सगळं आमच्याकडं येतं. आम्ही ते वितळवतो, तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकतो आणि त्यातनं सोनं वेगळं काढून देतो. आमच्या आटपाडीकडची निम्मी पोरं याच कामाला देशभर पांगलेली. डायरी एका सोनारानं दिवाळीला फुकट दिली, म्हणून लिहायला लागलो.

आईनं राधाच्या वहीचा फोटो पाठवलाय. काहीच न लिहिता नुसता फोटो. बघून डोकं फिरलं. वर तीन ओळी आहेत. 'सोने हा पिवळ्या रंगाचा मौल्यवान धातू आहे. सोने खाणीत सापडते. सोन्याला कधी गंज चढत नाही.' त्यांच्याखाली लाल रेघा. पुढं लिहिलंय, 'माझ्या अण्णांच्या छातीला चढला आहे. अण्णांनी कोइमतूरला पुष्कळ वर्षे सोने गाळले. आता ते ओट्यावर बसतात. माझा दादा दिल्लीला सोने गाळतो. फोनवर बोलता बोलता तो थांबतो, मग खोकतो, मग धूळ आहे म्हणतो.' ह्या सगळ्याभोवती हिरव्या पेनानं मोठा गोल. रेघांनी पोट भरलं नाही बाईंचं. खाली लिहिलंय, 'राधा, पुन्हा लिही.'

पोरीनं घरातली, वडलांच्या छातीची गोष्ट चार लोकांत मांडली, त्यात आम्ही सगळे हिरव्या गोलात अडकलो. आणि माझ्या खोकल्याचं काय एवढं? जानेवारीत अख्खी दिल्ली खोकते. सिग्नलवरचा पोलीससुद्धा खोकतो, त्याचा कुणी निबंध लिहितं का?

फेब्रुवारीत तालुक्याला लहान पोरांचा लेखनाचा कार्यक्रम आहे. चौथीतलं एकच पोर न्यायचंय. राधा दिवाळीपासून मागं लागलीय, मला जायचं, मला जायचं. बाईंना जर तिला न्यायचंच नसेल तर सरळ तसं सांगावं. हे गोल कशाला?


१३ जानेवारी, मंगळवार

दामूकाकाला फोटो दाखवला. काका आमच्याच पट्ट्यातला, भट्टीवर मला त्यानंच शिकवलं. मी लिहायला बसलो की मला तलाठी म्हणतो.

"काय तलाठी, हे हिरवं काय आहे?"

"चूक दाखवलीय."

"हिरव्यानं चूक दाखवत्यात?"

"काका, तू शाळेत कधी गेलास?"

"गेलो नाही म्हणूनच विचारतोय रं."

सोडून दिलं. त्याला काय सांगणार!


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत म्हणून घरी फोन केला. राधाला सरळ विचारलं, हे अण्णांचं कशाला लिहिलंस?

म्हणाली, "बाई म्हणतात पान वाचून गप्प बसायचं नाही. पानाशी बोलायचं."

"पानाशी कोण बोलतं?"

"मी बोलले की. पान म्हणालं, गंज चढत नाही. मी म्हणाले, अण्णांना चढला."

मी म्हणालो, ते सगळं खोड. बाईंनी गोल घातलाय तेवढं काढ. घरचं दुखणं वेशीवर टांगायचं नसतं.

"पण मी अण्णांना वाचून दाखवलं. ते हसले."

"हसले?"

"हसले. मग खोकले."

मी म्हणालो, मोठ्यांचं ऐकायचं असतं. मग म्हणाली, "बरं दादा." गुणी आहे पोरगी. गोड बोलायच्या सणाला एवढं ओरडायला नको होतं, पण तिच्याच भल्याचं आहे.


१९ जानेवारी, सोमवार

आईनं पार्सलमधनं तिळाचे लाडू पाठवले होते, ते द्यायला आमच्या मालकाच्या, बाळशेठच्या घरी नोएडाला गेलो. मेट्रोच्या निळ्या लाईनीनं थेट. दुकान करोल बागेच्या गल्लीत आणि घर सेक्टरातल्या अकराव्या मजल्यावर. वर गेल्यावर वाटतं माणूस गाळून निघाला.

शेठची पोरगी, पूर्वी, तीही चौथीतच. शाळेतनं येऊन प्रोजेक्ट करत बसलेली. विषय, घरचा धंदा. तिच्या आईनं, लतिकावहिनींनी मोबाइलला विचारलं आणि मोबाइलनं पानभर लिहून दिलं. पूर्वी ते वहीत उतरवत होती, पण मधेच थांबायची, खोडायची, दुसरा शब्द लिहायची.

"हे काय करतेस गं?"

"चेंज, भैया. सेम टू सेम लिहिलं ना तर मिस पकडते. मग थोडं थोडं छोडके एक वर्ड चेंज करायचा."

"आणि काय लिहिलंयस?"

तिनं वाचून दाखवलं, इंग्रजीत. मग वहिनींनी मराठीत सांगितलं, की आमच्या कारखान्यात आधुनिक यंत्रं आहेत आणि वातावरण स्वच्छ व हवेशीर आहे.

"तू पाहिलायस का कारखाना?"

"नो. पप्पा म्हणतात तिकडे स्मेल येतो."

मला असं हसू फुटलं की ठसका लागला, थांबेचना. वहिनी म्हणाल्या, "सुजय, जरा बाल्कनीत जा हं, पूर्वीची परीक्षा आहे." बाल्कनीत गेलो. अकराव्या मजल्यावरची गार हवा छातीत गेली आणि आणखी लागला. ज्या धुराच्या पैशावर हे बाल्कनीचं घर उभं आहे, त्या धुराला आत बसायची सोय नाही. असो. लाडू घेतले त्यांनी, चांगले झालेत म्हणाल्या.

पण येताना मेट्रोत विचार केला. हिला शाबासकीचे तारे मिळणार आणि आमच्या राधाला गोल. का? तर हिला उतरवायची रीत ठाऊक आहे. राधानं पानातलं जसंच्या तसं घेतलं आणि मग स्वतःचं नको ते घातलं. दोन्हीकडनं मार. वहिनींना फोन करून म्हणालो, तसं पान राधासाठी मराठीत मिळेल का? म्हणाल्या, "अरे बिल्कुल, त्यात काय, दोन मिनिटांत देतो तो." दिलं पण. वहिनी वाईट नाहीत.


२० जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत राधाला फोनवर लिहून घ्यायला लावलं. 'सोने हे समृद्धीचे आणि संस्कृतीचे प्रतीक आहे. आमच्या कुटुंबाला या व्यवसायाचा अभिमान आहे. तेथील वातावरण स्वच्छ व हवेशीर असते.' वाचतानाच भारी वाटत होतं. मधले मधले शब्द बदल म्हणून सांगितलं.

"हवेशीर म्हणजे काय दादा?"

"हवा येते-जाते असं."

"तुझ्याकडं येते?"

"लिही म्हटलं ना!"

लिहिलं तिनं. धूर ओढणारा पंखा दसऱ्यापासून बंद आहे आणि मागची खिडकी शेजारी भांडायला येतात म्हणून शेठनं पत्रा ठोकून बंद केली. पण हे काय निबंधात लिहायचं असतं? उद्या तालुक्याला कुणी वाचलं, शेठच्या कानावर गेलं, तर माझी इथली जागा जाईल. बाईंना काय, त्यांना पगार सरकार देतं.


२६ जानेवारी, सोमवार

शेठचा फोन आला तेव्हा खूश होते. पूर्वीला प्रोजेक्टमध्ये स्टार मिळाला, वर्गात भिंतीवर लावलंय. मी म्हणालो, अभिनंदन. मनात म्हणालो, आता आमचाही नंबर लागतोय.

दुपारी आईचा फोन. आवाज पडलेला.

"पोरगी वहीच उघडंना रं. जेवायलापण मागं लागावं लागतंय."

"काय झालं?"

"बाईंनी ते नवीन वाचलं आन् विचारलं, राधा, हे कुणाचं? ही म्हणाली, माझंच. बाई म्हणल्या, मग हवेशीर म्हंजे काय सांग. सांगितलं तिनं बरोबर. मग बाईंनी विचारलं, तुझ्या दादाकडं हवा येती का गं? तवापास्नं जी गप बसलीय."

"मारलं का बाईंनी?"

"न्हाई रं. बाई जवळ घेऊन बसल्या तर ही रडायला लागली. काय झालं ते सांगंना. दादाचं नाव घ्यायचं नाही म्हणती."

बघा म्हणजे! पोरीची पोलिसासारखी उलटतपासणी केली. पोटची असती तर केली असती का? तिनं माझं नाव सांगितलं नाही, सगळं अंगावर घेतलं. दिल्लीत आज सगळीकडं झेंडे. मी गल्लीत उभा राहून आईला ओरडून सांगत होतो, नंबर दे त्या बाईंचा, आत्ता दे.


२८ जानेवारी, बुधवार

काल बाईंचा नंबर लागला नाही. आज लागला. त्यांचं नाव चेतनाबाई. आवाजावरनं माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील, म्हणून आणखी राग आला. जेवढं साठलं होतं तेवढं सगळं बोललो. रेघा, गोल, पोलीस, गुरुजींची छडी, सगळं. मला ठसका लागला तेव्हा म्हणाल्या, "पाणी प्या आधी."

मग म्हणाल्या, "तुम्ही गोल कशाला चूक समजलात?"

"गोल चुकीलाच घालतात."

"माझ्या वर्गात नाही. लाल रेघ म्हणजे पानातलं वाक्य. तीही चूक नाही, नुसती खूण आहे. मुलं सुरुवातीला पानातलं तसंच उचलतात, मग शब्द बदलून बघतात. त्या वयात तसंच असतं, मी त्याला रागवत नाही. हिरवा गोल म्हणजे त्या मुलाचं स्वतःचं. पान कुठं संपलं आणि आपण कुठं सुरू झालो, हे त्यांना दिसावं म्हणून."

"मग 'पुन्हा लिही' का?"

"गोलातलं वाढव म्हणून. राधाला ते माहीत होतं. पुढच्या वेळी ती गोलातलंच सगळं खोडून आली. तेव्हाच मला वाटलं, घरात कुणीतरी बोललंय."

मी म्हणालो, हे फोटोत कुठं लिहिलं होतं? दिल्लीत बसलेल्या माणसाला रंग बघून कसं कळायचं? म्हणाल्या, "तो फोटो तपासायला नव्हता पाठवला हो. तुमच्या आईंनी कौतुकानं पाठवला होता. अख्ख्या वर्गात सगळ्यात मोठा गोल राधाचा होता."

मग आई फोटोखाली काही लिहीत का नाही? कारण आईला लिहिता येत नाही. हेही मलाच कळायला पाहिजे होतं म्हणे. म्हणे म्हणजे बाई असं म्हणाल्या नाहीत. मीच म्हणतोय.

शेवटी बाई म्हणाल्या, "शनिवारी नाव द्यायचंय. राधानं गोलातलं लिहून आणलं तर तिचंच देते. पण ती म्हणते, दादाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. आता तुम्ही बघा."

मी म्हणालो, बघतो. माझ्यावर ढकलून मोकळ्या झाल्या. रागानं आज हातमोज्याशिवायच तापलेली मूस उचलायला गेलो, दामूकाकानं मागं ओढलं. "जळलास म्हंजे निबंध संपंल व्हय रं, तलाठ्या?"


२९ जानेवारी, गुरुवार

राधाचाच फोन आला. शाळा सुटल्या सुटल्या. इकडं भट्टी चालू. मी आधीच म्हणालो, राधे, ते हवेशीर खोड. अण्णांचं लिही, तुला पाहिजे ते लिही.

"ते लिहिलंय. आता तुझं पाहिजे. बाई म्हणतात माणसालापण पानासारखं वाचता येतं, फक्त विचारावं लागतं."

"विचार."

"धूर कुठनं जातो?"

"धुराड्यातनं."

"दादा, शेठच्या पोरीचं नको. तुझं सांग."

हिला कुणी सांगितलं ते शेठच्या पोरीचं म्हणून? मी तर सांगितलं नव्हतं. आईला वहिनींचं नाव घेऊन बोललो असेन. तेवढ्यात दामूकाका भट्टीपासनं मोठ्यानं ओरडला, "लिही गं पोरी! दसऱ्यापास्नं पंखा बंद हाय आन् खिडकीला पत्रा ठोकलाय!"

"हे कोण?"

"दामूकाका."

"त्यांचं नाव लिहू? बाई म्हणतात, ज्याचं बोलणं त्याचं नाव लिहायचं."

काकानं हातातली मूस खाली ठेवली. "माझं लिही," म्हणाला. "शेठचं नको लिहू. माझं पुरं लिही, दामू शंकर."

मी हातानं काकाला गप्प बस म्हणून खुणावलं. त्यानं पाठ केली. आता त्याचीही जागा गेली तर? पण पोरीचं पेन चाललेलं ऐकू येत होतं मला. खरंच ऐकू येत होतं, मोबाइल वहीवरच ठेवला असणार.

"दादा, तू खोकतोस ते धुळीनं का धुरानं?"

"माहीत नाही."

"मग लिहिते, दादाला माहीत नाही."

एवढंच. ठेवला पण तिनं. माझ्याकडनं सगळं काढून घेतलं आणि कसा आहेस एवढंही विचारलं नाही. आजकालची पोरं.


३१ जानेवारी, शनिवार

राधाचंच नाव दिलं. आई फोनवर रडत होती, अण्णा मागनं ओरडत होते, "रडायला काय झालं?" मी बाईंना काही कळवलं नाही. त्यांनीही कळवलं नाही.


९ फेब्रुवारी, सोमवार

संताप संताप झालाय. तालुक्याला पहिला नंबर कुणाला दिला, तर पाण्याचं महत्त्व लिहिलेल्या पोराला! 'पाणी म्हणजे जीवन, पाण्याशिवाय पृथ्वीची कल्पना करवत नाही.' आईनं ऐकून ऐकून पाठ केलंय. हे मोबाइलला विचारलं तर मोबाइल झोपेत सांगेल. आमच्या राधाला नुसतं प्रमाणपत्र, ते तर सगळ्यांनाच. एका परीक्षकानं तिला विचारलं म्हणे, हे दामू शंकर कोण? कोणत्या पुस्तकात आहेत? राधा म्हणाली, पुस्तकात नाहीत, भट्टीवर आहेत. सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? मी बाईंना फोन लावला. ह्या वेळी त्यांच्या बाजूनं भांडायला, तर त्या म्हणतात, "जाऊ द्या, तिनं वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचे दोन बाप उठून पुढं येऊन बसले. ते बघायला तुम्ही हवे होतात." बाप पुढं येऊन बसले म्हणजे नंबर मिळतो का? बाईंना राग कसा येत नाही, तेच मला कळत नाही.

दामूकाकाला सांगितलं की तुझं नाव तालुक्याला वाचलं. दोनदा सांगायला लावलं. मग तोंड धुवायला गेला, बराच वेळ आला नाही.

राधाला नंबराचं काहीच नाही. तिचं दुसरंच चाललंय.

"दादा, ते अर्धंच आहे अजून."

"काय अर्धं?"

"'दादाला माहीत नाही' असं कसं संपवायचं? तू छातीचा फोटो काढून घे. डॉक्टर काय म्हणतात ते सांग, मग मी पुढचं लिहिते."

"तुला लिहायचंय म्हणून मी दवाखान्यात जाऊ?"

"हो."

सरळ 'हो' म्हणते! म्हणालो, सरकारी दवाखान्यात रांगेत दिवस जातो, दिवस गेला की हजेरी जाते. बाहेर करायचं तर पैसे लागतात. दोन वर्षांत मी घरी आठ हजारांच्या खाली कधी पाठवलेले नाहीत, एकदाही नाही, आणि ह्या पोरीच्या निबंधापायी पाठवायचे नाहीत. आई म्हणाली, कमी पाठव, पण जा. मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, उगाच डोकं खाऊ नका.

मग अण्णांनी फोन घेतला. अण्णा फोनवर कधी येत नाहीत. मी म्हणालो, अण्णा, तुम्ही सांगा हिला जरा. ते बोलायला गेले. मग खोकले. किती तरी वेळ खोकत होते. मग म्हणाले, "धूळ हाय."

फोन राधाकडं परत गेला. मी ठेवून दिला.


१० फेब्रुवारी, मंगळवार

मी काय हिचं पान आहे का, वाचून लिहायला? सगळी दुनिया मोबाइलवरनं उतरवून तारे घेते आणि आमच्या पोरीला जिवंत माणूस पाहिजे, तोही दवाखान्यात जाऊन आलेला. कुठनं आलंय हे खूळ! शेठकडं उद्याची सुट्टी मागितली तर म्हणतात कशाला? म्हणालो, काम आहे. पंख्याचंही काढलं त्याच दमात, तर "बघू" म्हणाले. बघू म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. दामूकाका म्हणाला, मीपण येतो उद्या दवाखान्यात, रांगेत दोघं असली की जागा राहती. त्याचीही हजेरी जाणार.

घरी पाठवले, ह्या वेळी सात हजार दोनशे.